डिसेंबर लूकच्या हवाली

नोव्हेंबर संपत आला की ख्रिस्ती घरांत याद्या सुरू होतात. खोबरं किती, मैदा किती, चकल्या यंदा घरी करायच्या की बाहेरून आणायच्या, मुलांचे कपडे, पडदे, रंगाचा एक हात. चर्चमध्ये दुसरी यादी असते: कॅरल सिंगिंगचे वार, संडे स्कूलचं नाटक, महिला मंडळाचा कार्यक्रम, तरुण संघाच्या स्पर्धा. दोन्ही याद्यांत वाईट असं काहीच नाही. तरी पंचवीस तारखेला दुपारी जेवणं उरकून जरा आडवं होताना अनेकांच्या मनात येतं की सगळं पार पडलं, पण ज्याच्या नावानं हे चाललं होतं त्याच्याशी महिनाभरात धड दोन शब्द बोलणं झालं नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे रागावणं. सांताक्लॉजवर रागवायचं, खरेदीवर रागवायचं, डीजे लावणाऱ्या पोरांवर रागवायचं. असे उपदेश दर डिसेंबरला होतात आणि दर जानेवारीला विसरले जातात. माझं मत विचाराल तर करंजी, तारा आणि नवे कपडे यांनी ख्रिस्ताला कधीच बाहेर ढकललेलं नाही. महिन्याच्या तारखा आधी इतर गोष्टींना वाटल्या जातात आणि उरलासुरला वेळ प्रार्थनेच्या वाट्याला येतो, अडचण एवढीच आहे. तेव्हा वाटणीचा क्रम बदलायचा. तारखा आधी शुभवर्तमानाला द्यायच्या आणि बाकीची यादी त्याभोवती बसवायची.

त्यासाठी हाताशी एक सोयीची गोष्ट आहे. लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस. १ डिसेंबरला पहिला अध्याय वाचायला घेतला की नाताळच्या आदल्या रात्री शेवटचा होतो. ही युक्ती माझी नाही. जगभर कितीतरी कुटुंबं असं वाचतात. पण नुसतं वाचून संपवण्यापेक्षा या अध्यायांना आपल्या डिसेंबरमध्ये लुडबूड करू द्यावी, असं मला सुचवायचं आहे. कोणता अध्याय कोणत्या तारखेला येतो ते पाहिलं, की लूकनं आपली खरेदीची यादी, पाहुण्यांची यादी आणि भावकीतली भांडणं पाहूनच लिहिलं असावं अशी शंका येते.

रीत साधी आहे. रात्रीच्या जेवणाआधी किंवा नंतर टीव्ही बंद करायचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे आणि घरातल्या एकानं त्या तारखेचा अध्याय मोठ्यानं वाचायचा. पहिला अध्याय ८० वचनांचा आहे, तो दोघांत वाटून घ्या. बाकीचे बहुतेक दहा मिनिटांच्या आत-बाहेर संपतात. मुलं लहान असतील तर अख्खा अध्याय नको, त्यातली एक गोष्ट पुरे. वाचून झाल्यावर प्रवचन करू नका. एखादा प्रश्न, एक छोटी प्रार्थना, बस्स. मधला एखादा दिवस चुकला तर मागचं भरून काढत बसू नका. त्या दिवशी जी तारीख असेल तो अध्याय उघडा. भरपाईच्या नादात अशा गोष्टी आठवड्याभरात बंद पडतात.

भाषांतर कोणतं घ्यावं? घरातल्या सर्वात लहान वाचकाला कळेल ते. जुन्या पवित्र शास्त्राची भाषा आजीआजोबांच्या कानात बसलेली असते आणि नातवंडांना ती अडते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ याच अडचणीवरचं उत्तर आहे, आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. त्याच्या कितीतरी आधी पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत उतरवण्यात घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्या हे काम हातावेगळं करून. शास्त्र साध्या बाईला वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. मोठ्यानं वाचण्याचा आग्रह धरण्यालाही इथल्या मातीत आधार आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, आणि सासष्टीतल्या चर्चांमध्ये ते लोकांना वाचून दाखवलं जाई. आपल्याकडे ही कथा आधी कानांनी आली आणि मग डोळ्यांनी.

आगमनकाळाचे चार रविवार वेगळे. हा काळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी सुरू होतो आणि दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत नेण्याची प्रथा आता बऱ्याच चर्चांत रुळली आहे. ती प्राचीन वाटते, पण तशी अलीकडची. हांबुर्गजवळ गरीब मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान हिन्रिख विखर्न यांना मुलं रोज विचारत, नाताळ केव्हा? १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या एका चाकावर रोजची एक छोटी आणि रविवारची एक मोठी अशा मेणबत्त्या बसवल्या आणि मुलांच्या हाती मोजणी दिली. आपल्याला चाक नको आणि प्लास्टिकच्या हिरव्या पानांचं कडंही नको. चार पणत्या चालतात. कोणी म्हणेल पणती म्हणजे दिवाळी. तेल-वातीला धर्म नसतो.

आता तारखांकडे येऊ. सगळ्या सांगत नाही. ज्या आपल्या डिसेंबरला अडतात तेवढ्याच.

जन्मकथा दोन तारखेलाच येते, आणि काहींना वाटतं की पत्ता सुरुवातीलाच उघडा पडला. मला उलट ते बरं वाटतं. चोवीसच्या रात्री आपण थकलेले असतो, कान निम्मे स्वयंपाकघरात असतात. दोन तारखेला ती गोष्ट शांतपणे ऐकता येते. मुलांना कामाला लावा: मरिया गाढवावर बसून गेली असं कुठे लिहिलंय? ‘जागा नाही’ म्हणून दार लावणारा धर्मशाळेचा मालक कोणत्या वचनात आहे? तीन राजे कुठे आहेत? शोधून सापडणार नाहीत. गाढव आणि मालक दोन्ही नाटकवाल्यांचे. मागी लोक लूकमध्ये नाहीतच. ते मत्तयमध्ये आहेत, तिथेही त्यांची संख्या दिलेली नाही, आणि ते येतात ते घरात. यानं कोणाची श्रद्धा डळमळत नाही. मुलं पुस्तकाकडे पहिल्यांदा नीट बघतात, हा फायदा. मग मेंढपाळांपाशी थांबा. पावसाळा सरला की पुणे-नगरच्या पट्ट्यातून धनगरांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात, कोणाच्या रानात मेंढ्या बसवतात आणि रात्री उघड्यावर काढतात. पहिली बातमी कोणाला मिळाली हे सांगायला कार्डावरच्या गुबगुबीत मेंढरांपेक्षा रस्त्यालगतचा तो वाडा मुलांना दाखवलेला चांगला.

तीन तारखेला बाप्तिस्मा करणारा योहान येतो आणि म्हणतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक नसलेल्याला द्यावा. हे वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी कपाट उघडावं, नाताळची कपडेखरेदी त्यानंतर. जे तुम्ही स्वतः अजून घालाल असं निवडा. बटण तुटलेला शर्ट दान करून सुटका करून घेणं ही अडगळ काढण्याची पद्धत झाली.

सांताक्लॉजचा प्रश्न दर वर्षी निघतो, म्हणून थोडक्यात. ६ डिसेंबर हा संत निकोलसचा सण. आजच्या तुर्कस्तानात असलेल्या मायरा या गावचा तो बिशप, गुपचूप मदत करणारा म्हणून त्याची ख्याती, आणि लाल डगल्यातला म्हातारा हा त्याचाच फार लांबचा, बदललेला अवतार. मुलांशी लाल टोपीवरून वाद घालू नका. सहा तारखेला त्यांना निकोलसची गोष्ट सांगा आणि एक काम द्या: कोणाला तरी, नाव न कळू देता, काहीतरी द्यायचं. भेट मिळवण्याइतकीच भेट लपवण्याची मजा मुलांना येते. शाळेत, ऑफिसात इतर लोक सांताची टोपी घालून नाचले तर तोंड वाकडं करण्याचंही कारण नाही. ते आपला सण हिरावून घेत नाहीत, त्यांना तो तेवढाच माहीत आहे.

सात तारखेला नाईन गावची विधवा येते. एकुलता एक मुलगा गेलेला, गावाच्या वेशीवर प्रेतयात्रा, आणि प्रभूला तिचा कळवळा येतो. हा अध्याय वाचल्यावर एक प्रश्न घरात विचारलाच पाहिजे: यंदा आपल्या मंडळीत कोणाच्या घरी मृत्यू झाला? अनेक घरांत अशा वर्षी तारा लागत नाही, फराळ होत नाही. ‘यंदा आमच्याकडे नाताळ नाही’ असं सांगून ती माणसं बाजूला होतात आणि आपणही त्यांना त्रास नको म्हणून त्यांची वाट टाळतो. यापेक्षा मोठी चूक नाही. शोकात असलेल्यांकडे नाताळ नाही असं कसं म्हणायचं? तो आलाच मुळी अंधारात बसलेल्यांसाठी. सात ते नऊ तारखेच्या आत त्या घरी जाऊन या. केक नेऊ नका, डबा न्या, रोजच्या जेवणाचा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. आठवण काढली की रडू येईल या भीतीनं लोक नाव टाळतात आणि घरच्यांना तेच जास्त लागतं. ‘देवाची इच्छा’, ‘तो चांगल्या ठिकाणी आहे’ ही वाक्यं घरी ठेवून जा. पंचवीसच्या उपासनेला त्यांना एकटं बसावं लागणार नाही, एवढं मात्र ठरवून या: कोण न्यायला येणार, कोणाशेजारी बसणार. पहिल्या नाताळला चर्चच्या पायऱ्या चढणंच जड जातं.

दहा तारीख स्वयंपाकघराची. दहाव्या अध्यायात मार्था आणि मरिया आहेत, आणि नेमका याच सुमारास फराळाला हात लागलेला असतो. या गोष्टीचा एक वाईट उपयोग होतो, तो आधी थांबवू. ‘मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी करतेस’ यावर बायकांना सुनावणारे बहुधा करंज्या खाणारे असतात, लाटणारे नसतात. प्रभू मार्थेला रागावला म्हणून तिची भांडी कोणी घासली? गोष्ट मनावर घ्यायचीच असेल तर पुरुषांनी घ्यावी. सारण भाजणं, शंकरपाळी कापणं, तळणीपाशी उभं राहणं याला काही विशेष अंगभूत कला लागत नाही. पदार्थ सातऐवजी तीन करा. चकल्या-शेव गावातल्या बचत गटाकडून घ्या, त्या बायकांचाही डिसेंबर बरा जाईल. आणि घरात एक नियम करा: २२ तारखेच्या रात्री कढई उतरली की उतरली. कितीतरी घरांत आई चोवीसच्या मध्यरात्रीपर्यंत तळत असते आणि पंचवीसला सकाळी उपासनेत बसल्याबसल्या तिचे डोळे मिटतात. सगळ्या घराचा नाताळ जिच्या हातांनी होतो तिलाच त्यातला ख्रिस्त मिळू नये, याला विश्वासाचं कुटुंब म्हणत नाहीत.

फराळाची ताटं शेजारी जातातच. दिवाळीला त्यांच्याकडून आलेलं असतं, ईदला शीरखुर्मा आलेला असतो. ताट देताना शेजारी विचारतात, तुमचं नेमकं काय असतं हो यात? तेव्हा पत्रक हातात देऊ नये आणि ‘काही नाही, केक-बिक’ असंही म्हणू नये. राहायला जागा न मिळालेल्या एका जोडप्याला बाळ झालं, ते गव्हाणीत निजवलं, आणि आमचा विश्वास असा की देव माणसांत आला तो असा आला. तीन वाक्यं. घरातल्या मुलांनाही ती सांगता यायला हवीत.

बारावा अध्याय आला की मराठी घरांनी जरा सावरून बसावं. गर्दीतला एक जण प्रभूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाची वाटणी करून दे. सातबारा, बांध, बक्षीसपत्र आणि कोर्टाच्या तारखा माहीत असलेल्या माणसाला हे वाक्य दोन हजार वर्षांपूर्वीचं वाटत नाही. प्रभू वाटणी करून द्यायला नकार देतो आणि मोठी कोठारं बांधणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. तीन दिवसांनी, १५ तारखेला, पंधरावा अध्याय: उधळ्या मुलगा, आणि बाहेर अंगणात रुसून उभा असलेला त्याचा मोठा भाऊ. आपण उधळ्या मुलावर फार प्रवचनं ऐकतो. चर्चमध्ये नियमित येणारी, वर्गणी भरणारी, कोणाचं काही न बुडवलेली माणसं बहुतांशी मोठ्या भावाच्या जागी असतात, आणि गोष्ट त्याच्यापाशी येऊन अर्धवट थांबते. तो आत गेला की नाही, लूक सांगत नाही.

म्हणून १२ ते १५ या तारखा अबोल्यासाठी राखून ठेवा. ज्या भावाशी, नणंदेशी, चुलत्याशी बोलणं बंद आहे त्याला एक फोन. फोनवर जमिनीचा विषय काढायचा नाही, कोण बरोबर होतं तेही नाही. तब्येत, मुलं, यंदाचा पाऊस, नाताळला कुठे आहात. वाद कोर्टात असेल तर तो तिथे राहू द्या. खटला चालू असताना विचारपूस करायला कायद्याची बंदी नाही. समोरच्यानं फोन उचललाच नाही तर निरोप ठेवा आणि गप्प राहा. मात्र क्षमेच्या नावाखाली कोणाला धोक्यात ढकलू नका. ज्या बाईनं मारहाणीपायी घर सोडलं आहे तिला ‘नाताळ आहे, जाऊन ये’ असं सांगणाऱ्यांनी पंधरावा अध्याय पुन्हा वाचावा. त्यातला बाप धावत जातो, मारत नाही. कॅथलिक घरांत याच दिवसांत प्रायश्चित्त संस्काराला जाण्याची रीत आहे. ती यंत्रवत उरकण्याऐवजी या दोन अध्यायांनंतर जावं.

चौदा तारखेला पाहुण्यांची यादी. जेवण घालशील तेव्हा मित्रांना, भावांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नको, गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव, कारण त्यांना परतफेड करता येत नाही. हे इतकं स्पष्ट आहे की आपण ते रूपक मानून मोकळे होतो. सगळी पंगत बदलणं जमणार नाही, ठीक. दोन पानं तरी वाढवा: गावी जाऊ न शकलेला वसतिगृहातला विद्यार्थी, मुलं परदेशी असलेल्या आजी, रात्रपाळीचा वॉचमन. कॅरलच्या गटांनाही हाच अध्याय लागू. ज्या बंगल्यात पाकीट जाड मिळतं तिथे तीन गाणी आणि वस्तीतल्या दोन खोल्यांपुढे एक कडवं, असं होऊ देऊ नका. आजारी माणसांची घरं आधी आणि लवकरच्या वेळेला घ्या. प्रत्येक दारात लूकची दोन-तीन वचनं वाचा, घरच्यांची नावं घेऊन प्रार्थना करा, आणि एक तरी मराठी पद म्हणा. इंग्रजी कॅरल गोड असतात, पण नगरला राहून रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजनं-अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनाची परंपराही त्याच भागात १९व्या शतकात वाढली. ‘उपासना संगीत’ हे पदांचं पुस्तक कपाटात ठेवून आपण बर्फाची गाणी गातो. टाळ-मृदंगावर तरुण पोरंही रमतात, एकदा हाती देऊन बघा. जमलेले पैसे कशाला जाणार ते गाणं सुरू करण्याआधी सांगितलं की कुजबुज होत नाही.

सोळाव्या अध्यायातला लाजर श्रीमंताच्या दाराशी पडलेला असतो. श्रीमंतानं त्याला मारलं नाही, हाकललंही नाही. त्याला तो दिसलाच नाही. डिसेंबरात नगर, सोलापूर, पुणे, सातारा, कोल्हापूर या सगळ्या पट्ट्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो. बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून आलेली ऊसतोड कुटुंबं कोप्यांत राहतात, पहाटे अंधारात फडात जातात. गरोदर बायाही तोडणीला असतात, आणि कोपीत, कधी फडाच्या कडेला, बाळंत होतात. गावाबाहेर, परक्या मुलखात, चाऱ्याच्या शेजारी जन्मलेलं मूल पाहायला बेथलेहेमपर्यंत जायला नको. तुमच्या चर्चपासून काही किलोमीटरवर अशी वस्ती असेल तर सोळा तारखेच्या आसपास जा. आधी जाऊन विचारा, मग न्या. घोंगड्या-ब्लँकेटं सगळेच नेतात. तिथल्या बायकांना विचारलं तर कदाचित मच्छरदाणी, लहान मुलांची औषधं, अंघोळीला आडोसा किंवा दवाखान्यात जायला गाडी असं काही निघेल. दुपार कलल्यावर, त्या परतल्यावर जा. बॅनर धरून फोटो काढायचा असेल तर गेला नाहीत तरी चालेल. आणि मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला बसवू नका. हे शुभवर्तमानाच्या विरुद्धच आहे, शिवाय त्यातून निघणारे गैरसमज त्याच लोकांना भोवतात.

जक्कय १९ तारखेला झाडावरून उतरतो आणि हिशेब चुकते करतो. तुम्हीही करा: घरकामाच्या बाईंचा पगार, सुताराची बाकी, उसने घेतलेले पैसे, सगळं पंचवीसच्या आत. २१ तारखेला विधवेच्या दोन दमड्या. त्या दिवशी नाताळच्या खर्चाचा कागद घ्या आणि दानाची रक्कम शेवटच्या ओळीवरून पहिल्या ओळीवर आणा. आकडा मी सांगणार नाही. दशांश देणारी घरं आहेत, न झेपणारीही आहेत. पण खरेदीनंतर उरलेलं आणि खरेदीआधी काढून ठेवलेलं, या दोन रकमांत फरक पडतो.

बावीस आणि तेवीस तारखांना लोकांची कुरकुर होते. घरात केक भाजला जातोय आणि आपण वाचतोय ते शेवटचं भोजन, अटक, पेत्राचा नकार, वधस्तंभ. सणासुदीला हे कशाला? मला मात्र वाटतं की या साऱ्या खटाटोपात हे दोन दिवस सर्वात मोलाचे. फक्त बाळापाशी थांबणारा नाताळ सगळ्यांनाच आवडतो, कारण बाळ कोणाकडे काही मागत नाही. दुसऱ्या अध्यायात म्हाताऱ्या शिमोनानं मरियेला सांगितलेलंच होतं की तुझ्या जिवातून तलवार भोसकून जाईल. कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेला तो तागाच्या वस्त्रात गुंडाळून कबरेत ठेवलेला होतो, आणि हे दोन्ही लूकच सांगतो. हे दोन अध्याय गाळून पुढे जायचा मोह होईल, तेवढा आवरा. आजारपण, कर्ज, बेकारी असलेल्या घराला तारा आणि झगमगाटापेक्षा याच दोन रात्रींचं वाचन जवळचं वाटतं.

चोवीसला अम्माऊसची वाट. दोघे हताश होऊन घरी निघालेले असतात, वाटेत एक अनोळखी माणूस सोबत येतो, आणि जेवायला बसल्यावर भाकर मोडताना ते त्याला ओळखतात. हा अध्याय जेवणाच्या पानावर बसून वाचावा आणि मग चर्चला निघावं. वसईत, मुंबईत, गोव्यात रात्रीची मिस्सा. नगर-पुण्याकडच्या बऱ्याच मंडळ्यांत पंचवीसच्या सकाळची उपासना. निघण्याआधी किंवा परतल्यावर लूकच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचनं पुन्हा एकदा, यावेळी घरातल्या सर्वात लहान वाचणाऱ्याकडून.

ज्यांच्या घरी नाताळचा गोठा मांडतात त्यांनी गव्हाण तोवर रिकामी ठेवावी आणि बाळ त्या रात्री ठेवावं. संत फ्रान्सिसनं १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिल्यांदा असा देखावा उभा केला तेव्हा त्यानं गवतानं भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव आणलं आणि तिथेच मिस्सा झाली. लोकांना त्या रात्रीची गरिबी डोळ्यांनी दिसावी एवढाच त्याचा हेतू. वसईतले आणि गोव्यातले भव्य गोठे पाहताना, धबधबे-कारंजी मोजताना, हे थोडं ध्यानात असावं. स्पर्धा ठेवायचीच असेल तर परीक्षकांना एक प्रश्न द्या: यात बाळ लगेच दिसतं का?

यानंतर बहुतेक घरांत सगळं एकदम बंद होतं. खरं तर सण पंचवीसला सुरू होतो आणि ६ जानेवारीपर्यंत चालतो. २६ डिसेंबर पहिला रक्तसाक्षी स्तेफन याचा, २८ हेरोदानं मारलेल्या निष्पाप बालकांचा. फराळाच्या डब्यांसह भेटीगाठींना हेच दिवस ठेवा, पंचवीसची दुपार चार घरांत धावण्यात घालवू नका. २८ तारखेला मत्तयचा दुसरा अध्याय वाचा: तान्ह्याला घेऊन मिसर देशात पळालेलं निर्वासित कुटुंब. गोठ्यातले मागी लोक पंचवीसपासून घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत किंवा पुस्तकांच्या फळीवर, उभे करा आणि मुलांना रोज थोडे पुढे सरकवू द्या. सहा तारखेला ते पोचतील. गोव्यात रेईश मागूश आणि चांदोर इथे तो दिवस थाटानं साजरा होतो.

घर पांगलेलं असेल तर वाचन फोनवर होतं. दुबईत किंवा मस्कतला नोकरी करणाऱ्यांना पंचवीसला बहुधा कामावर जावं लागतं, आणि तिकडे साडेआठ वाजतात तेव्हा इथे दहा झालेले असतात. ती एक वेळ ठरवा, अध्यायातले परिच्छेद वाटून घ्या, चित्र दिसलं नाही तरी आवाज पुरे. एकट्यानं राहणाऱ्यांनी मंडळीतला आणखी एक एकटा माणूस गाठावा. वाचायला दोघे असले की अध्याय चुकत नाही. आणि ज्यांना चोवीस दिवसांची सवय सोडवत नाही त्यांनी १ जानेवारीला ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडावं. तेही लूकचंच, अध्याय अठ्ठावीस.